पंधराच्या खाचेत हिरवा फ्यूज: एका पिकअपच्या वायरिंगची केस

रात्री सव्वादोनला फोन वाजला तेव्हा मला वाटलं, अण्णांना कुणाची तरी गाडी माझ्याकडे टाकायची असेल. त्यांचा धंदाच तो. नवले पुलापासून खंबाटकीपर्यंत हायवेला कुणाचं टायर फुटलं, कुणाची बॅटरी बसली की अण्णांची डबल केबिन पिकअप पोचते. पण त्या रात्री खेड शिवापूरच्या अलीकडे ती पिकअपच बंद पडली होती. ज्या टेम्पोचं टायर बदलायला गेले, त्याच टेम्पोवाल्यानं जंपर लावून यांना सुरू करून दिलं. "कुणाला सांगू नका," एवढंच अण्णा म्हणाले, आणि सकाळी साडेआठला गाडी माझ्या नऱ्ह्याच्या दुकानासमोर उभी.

आता सांगतोय ते त्यांना विचारूनच. गाडी कोणत्या कंपनीची आणि आधीचं वायरिंग कुणी केलं, ते गाळलंय. त्यानं फरक पडत नाही, कारण ही चूक कुठल्याही गाडीत आणि कुठल्याही दुकानात होऊ शकते.

गाडी डिझेल, तीन वर्षं जुनी, बॅटरी ८० अँपियर-अवरची, तीही गाडीबरोबरचीच. शोरूमच्या ॲक्सेसरी पॅकेजात अण्णांनी डॅशबोर्डच्या मधोमध चार जादा स्विच घेतले होते: ऑक्स-१ ते ऑक्स-४. स्विच दाबला की त्यात छोटा हिरवा दिवा लागतो. बॉनेटखाली बॅटरीशेजारी एक काळी पेटी, तिच्यात चार रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) आणि चार फ्यूज, आणि पेटीतून बाहेर आलेल्या चार तारा, टोकाला टोपी घालून बंद केलेल्या. पुढे काय जोडायचं ते तुम्ही बघा, असा सगळा मामला.

आपल्याकडच्या पिकअपला ही सोय नवी आहे, अमेरिकेत जुनी. तिथे फोर्डच्या सुपर ड्यूटीत असे स्विच कंपनीकडूनच मिळतात, त्यांना 'अपफिटर स्विच' म्हणतात. जीपच्या ग्लॅडिएटर आणि रँग्लरमध्ये चार ऑक्स स्विच येतात, दोन ४० अँपियरचे आणि दोन १५चे. स्विच सरळ बॅटरीवर चालवायचा की किल्ली फिरवल्यावरच, एकदा दाबून चालू ठेवायचा की बोट असेपर्यंतच, हे त्यात स्क्रीनवरून ठरवता येतं. अण्णांच्या पेटीत एवढी ऐट नव्हती. प्रत्येक स्विचच्या फ्यूजला दोन शेजारशेजारच्या खाचा, एक 'बॅट' (सरळ बॅटरीवर) आणि एक 'इग्न' (किल्ली फिरवल्यावरच). फ्यूज ज्या खाचेत, त्याप्रमाणे तो स्विच चालणार. झाकणाच्या आतल्या बाजूला तक्ता छापलेला: ऑक्स-१ आणि २ला १५ अँपियर, ३ आणि ४ला ३०.

तो तक्ता वाचायला टॉर्च लागतो. आधीच्या कारागिरानं तो लावला नसावा.

जोडलं होतं ते असं. ऑक्स-१वर टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर, मागच्या हौद्यात पत्र्याच्या पेटीत बसवलेला. ऑक्स-२वर मागचे चार एलईडी वर्कलाइट. ऑक्स-३वर टपावरचा पिवळा फिरता दिवा. ऑक्स-४वर हजार वॉटचा इन्व्हर्टर, ड्रायव्हरच्या सीटमागे. कॉम्प्रेसर ऑक्स-१वर का, असं विचारलं तर अण्णा म्हणाले, "एक नंबरचं काम एक नंबरच्या स्विचवर. अंधारात बोट बरोबर तिथंच जातं." सोयीच्या दृष्टीनं बरोबरच आहे. फक्त ती तार १५ अँपियरची आहे, हे बोटाला कळत नाही.

बॅटरी का बसली

अण्णांनी नवी बॅटरी आणायची तयारी ठेवली होती. मी म्हटलं, थांबा. नवी बॅटरी घातली की तक्रार महिनाभर गप्प बसते आणि पुन्हा उठते. जुनी चार्जरवर लावून पूर्ण भरून घेतली, गाडी बंद केली, सगळे दरवाजे लावले, बॉनेटचं लॅच स्क्रूड्रायव्हरनं खाली दाबून गाडीला बॉनेट बंद आहे असं भासवलं, आणि बॅटरीच्या मायनसमध्ये मीटर ओळीत जोडून चहा प्यायला गेलो. हा चहा आळसाचा नव्हे. आजकालच्या गाडीतले कंट्रोलर किल्ली काढल्यावर लगेच झोपत नाहीत, वीस-पंचवीस मिनिटं जागे असतात. त्याआधी घेतलेलं रीडिंग फसवतं.

परत येऊन पाहिलं तर ०.९२ अँपियर. झोपलेल्या गाडीनं ०.०३ ते ०.०५ घ्यावेत. पेटीतला चौथा फ्यूज उपसला आणि आकडा ०.०४वर आला. म्हणजे इन्व्हर्टर. त्याला काहीही जोडलेलं नव्हतं, तरी नुसता जागा राहायला तो पाऊण अँपियरच्या वर पीत होता. ऑक्स-४चा फ्यूज 'बॅट' खाचेत होता, कारण गाडी बंद असतानाही चार्जिंग चालू राहावं अशी अण्णांचीच मागणी. स्विच चालू राहिला तर दिवा दिसायला हवा ना? दिवा लागलेला होताच. डॅशबोर्डवर अण्णांनी चिकटवलेला गणपती नेमका चौथ्या स्विचसमोर बसलेला. ड्रायव्हरच्या जागेवरून तो दिवा दिसतच नव्हता.

पण ०.९२नं एका रात्रीत ८०ची बॅटरी बसत नाही. गाडी किती दिवस उभी होती?

अण्णा राहतात नाना पेठेत. पालख्या आल्या होत्या. तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला, दोन्ही दोन रात्री मुक्कामाला. त्या दिवसांत आमच्या बाजूनं कुणी पेठेत गाडी घालत नाही आणि पेठेतला माणूस गाडी बाहेर काढत नाही. गल्लीभर वारकरी, राहुट्या, पंगती. पालख्या यायच्या आधीच लावलेली पिकअप पालख्या हडपसरकडे निघाल्यावर हलली. मोजून साठ तास. साठ गुणिले ०.९२ म्हणजे पंचावन्न अँपियर-अवर गेले, आणि तीन वर्षांच्या बॅटरीत मुळात पूर्ण ऐंशी उरलेलेच नसतात. त्या संध्याकाळी गाडी कुंथत सुरू झाली होती, हे अण्णांना विचारल्यावर आठवलं. मग रात्री पंचवीसेक किलोमीटर जाऊन खेड शिवापूरला इंजिन बंद, वर दिवा फिरतोय, मागे वर्कलाइट, इन्व्हर्टर आहेच, आणि त्यावर दहा-बारा मिनिटं कॉम्प्रेसर. एवढ्यावर कुठली गाडी सुरू होणार?

इथं खरं तर केस संपायला हवी होती. फ्यूज 'बॅट'मधून 'इग्न'मध्ये, गणपती चार बोटं सरकवायचा, तीनशे रुपये घ्यायचे. पण फ्यूज उपसताना पहिल्या खाचेकडे नजर गेली. ऑक्स-१, झाकणावर १५. १५चा ब्लेड फ्यूज निळा असतो. या खाचेत हिरवा होता.

हिरवा म्हणजे ३०.

"हात लावा"

गोष्ट उघड होती. निळा फ्यूज पहिल्याच टायरला उडाला असणार, मग दुसरा, मग तिसरा. मग कुणीतरी हिरवा घातला आणि तो टिकला. टिकला म्हणजे प्रश्न सुटला असं वाटतं. इथं एक गोष्ट पुन्हा सांगतो, कारण वीस वर्षं या धंद्यात असलेली माणसंही ती उलटी धरतात: फ्यूज यंत्राला वाचवायला नसतो, तारेला वाचवायला असतो. तार किती सोसते ते बघून फ्यूज ठरतो. यंत्र किती ओढतं ते बघून तार ठरते. आधी यंत्र, मग तार, शेवटी फ्यूज. उलटीकडून सुरुवात केली की असा हिरवा फ्यूज हाती येतो.

अण्णांना पटेना. "स्विच कंपनीचा, पेटी कंपनीची, तार कंपनीची. मग जळेल कशी?"

पेटीतून बाहेर आलेली वीतभर तार पॅकेजवाल्यांची होती, ते खरं. पण तिथून हौद्यापर्यंतची साडेपाच मीटर तार नंतर जोडलेली. काळी फ्लेक्सिबल नळी उलगडली तर आत लाल, १.५ स्क्वेअर एमएमची, घराच्या वायरिंगची तार. तिच्यावर ११०० व्होल्ट छापलेलं. अण्णा तेवढ्यात म्हणाले, "बघा, अकराशे व्होल्टची आहे. आपल्या बारा व्होल्टला काय होतंय!"

हे वाक्य मी पुण्याच्या वायर-बाजारात, तपकीर गल्लीत, काउंटरच्या दोन्ही बाजूंनी ऐकलंय. तो आकडा तारेवरच्या प्लॅस्टिकचा असतो, किती दाबाला ते फुटणार नाही त्याचा. तार तापते ती अँपियरनं, आणि बारा व्होल्टच्या गाडीत अँपियर भरपूर लागतात. घरात पाचशे वॉटचं मिक्सर सव्वादोन अँपियर घेतं, तेच पाचशे वॉट गाडीत काढायला चाळीसच्या वर लागतात. शिवाय घरच्या तारेचं साधं प्लॅस्टिक ७० अंशांपर्यंतचं, आणि ही तार सायलेन्सरच्या बाजूनं गेलेली.

बोलून उपयोग नव्हता, म्हणून गाडी सुरू केली, मागचं टायर रिकामं केलं आणि कॉम्प्रेसर लावला. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर तारेभोवती अडकवला. (बऱ्याच दुकानांत एसीचाच क्लॅम्प असतो. तो इथं शून्य दाखवतो आणि माणूस खूश होतो.) सुरुवातीला २४ अँपियर, हवा वाढली तसे २८, शेवटी ३१. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, कॉम्प्रेसरच्या टोकांवर ११.२. पावणेतीन व्होल्ट वाटेतच खर्च. चार मिनिटांनी मी अण्णांना म्हटलं, "हात लावा तारेला."

त्यांनी लावला आणि झटक्यात काढला. मग बोटं पॅन्टला पुसत म्हणाले, "मग उडाला कसा नाही?"

चांगला प्रश्न. ३०चा फ्यूज ३१ला उडत नाही, तासन् तास उडत नाही. ब्लेड फ्यूज त्याच्या आकड्याच्या १३५ टक्क्यांनाही पाऊण सेकंदापासून दहा मिनिटांपर्यंत कितीही वेळ घेऊ शकतो, तसं त्याचं मानकच आहे. त्या वेळात तार त्याच्या मागे शिजत असते. आणि करंट दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. नळी पुढे उलगडली तेव्हा सायलेन्सरजवळच्या हातभर टप्प्यात लाल प्लॅस्टिक मऊ होऊन नळीच्या वळ्यांचे ठसे त्यावर उमटले होते. एका जागी तांबं दिसत होतं. ते चासीला टेकलं असतं तर हिरवा फ्यूज उडाला असता, हे मान्य. पण उडण्याआधी ठिणगी कशावर पडली असती, हे अण्णांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या टप्प्याच्या वर डिझेलची टाकी आहे.

पावणेतीन व्होल्टची फोड करून पाहिली. १.५ स्क्वेअरच्या तारेला मीटरमागे साधारण १३.३ मिलिओहम रोध, साडेपाच मीटरला ७३, गुणिले २८ अँपियर, म्हणजे दोन व्होल्टच्या वर थोडं. उरलेल्यातले ०.६ अर्थिंगमध्ये. कॉम्प्रेसरची मायनस हौद्याच्या एका बोल्टला बांधलेली, बोल्टखाली कंपनीचा रंग जसाच्या तसा. रंग वीज नेत नाही. बाकीचं जोडांमध्ये: तार पिळून वर टेप, तीन ठिकाणी.

मोटरला ११.२ व्होल्ट मिळाल्यावर ती सावकाश फिरणार. रिकामं टायर भरायला अकरा मिनिटं लागत होती आणि अण्णा वर्षभर कॉम्प्रेसरला शिव्या घालत होते.

पुढे काय केलं, आणि का

सोपा उपाय अण्णांनीच सुचवला. ऑक्स-३ आणि ४ तर ३०चेच आहेत ना, कॉम्प्रेसर तिकडे हलवा, दिवा इकडे आणा. मीही क्षणभर विचार केला. पण ३०च्या फ्यूजवर सलग चालणारा भार चोवीस-पंचवीसच्या वर ठेवू नये, आणि हा कॉम्प्रेसर चोवीसपासूनच सुरू होतो. वर त्या पेटीला बॅटरीकडून येणारी मेन तारच ६०च्या फ्यूजची. चार स्विचांची बेरीज १५, १५, ३०, ३० म्हणजे ९०. झाकणावरचे आकडे एकेका स्विचचे आहेत, चारही एकदम तेवढे मिळतील असं कुठंही लिहिलेलं नाही. वर्कलाइट, दिवा, कॉम्प्रेसर आणि इन्व्हर्टर रात्री एकाच वेळी लागतात. अण्णांचं काम म्हणजे तेच.

म्हणून कॉम्प्रेसरचा भार पेटीतून काढूनच टाकला. बॅटरीच्या प्लसवरून वेगळी १० स्क्वेअरची तांब्याची केबल, बॅटरीपासून वीतभर अंतरावर ६०चा बोल्टवाला फ्यूज, पुढे सलग चालणारा मोठा रिले, तिथून सरळ हौद्यात. ऑक्स-१ची जुनी तार आता फक्त त्या रिलेच्या कॉइलला जाते, टर्मिनल ८६ला. कॉइल जेमतेम पाव अँपियर घेते. ऑक्स-१च्या खाचेतला हिरवा काढून फिक्या तपकिरी रंगाचा ५चा घातला. स्विच तोच, जागा तीच, अण्णांचं बोट तिथंच जातं. स्विच आता हुकूम देतो, ओझं दुसरा वाहतो.

रिलेबद्दल एक सांगायलाच हवं. नाना पेठेत 'मोठा रिले द्या' म्हटलं की निम्म्या वेळा स्टार्टरचा सोलेनॉइड हातात ठेवतात. दिसतो दणकट, मिळतो स्वस्त. पण तो किल्ली मारण्याच्या चार-पाच सेकंदांसाठी बनवलेला असतो. दहा मिनिटं चालू ठेवला तर त्याची कॉइलच जळते. मागताना 'सलग चालणारा' असं सांगायचं आणि खोक्यावर वाचायचं.

घरच्या तारेऐवजी १०५ अंशांची गाडीची तार, लग (तारेच्या टोकाची धातूची कडी) हायड्रॉलिक पंचानं दाबलेले, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक, म्हणजे तापवल्यावर आकसणारी नळी. सोल्डर मी मुद्दाम करत नाही. सोल्डर तारेत पुढे शिरतो, तिथं तार कडक होते आणि हायवेच्या हादऱ्यांनी नेमकी त्या कडेला तुटते. यावर आमच्या लाइनीत भांडणं आहेत. मी पंचाच्या बाजूचा. केबल सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूनं, चासीच्या आतून नेली.

बाकीच्या तिघांचं पटकन सांगतो. वर्कलाइट चार, प्रत्येकी १८ वॉटचे, सगळे मिळून सहा अँपियर. ऑक्स-२ला ते पुरून उरतात, फक्त जोड नीट केले. फिरता दिवा दोन अँपियर घेतो, पण त्याची तार ०.७५ स्क्वेअरची, केसासारखी, आणि तिच्यामागे ऑक्स-३चा ३०चा फ्यूज. झाकणावर ३० आहे म्हणून तिथं ३०च घालायचा नसतो. तो वरचा आकडा आहे. तार बारीक असेल तर फ्यूज खुशाल खाली आणावा, इथं ५चा पुरला. दिवा 'बॅट'वरच ठेवला, कारण रस्त्यात इंजिन बंद असतानाच त्याची गरज असते. दिव्याच्या रंगाबद्दल अण्णांना वेगळं सांगावं लागलं नाही. लाल-निळा लावला तर पहिल्याच नाक्यावर बाजूला घेतात. १ मे २०१७पासून लाल दिवा मंत्र्यांच्या गाड्यांवरूनही उतरलाय. पिवळ्याबाबत मात्र गाडीच्या कागदावर काय आहे ते आरटीओत एकदा विचारून घ्या म्हटलं. दुकानदार 'चालतं' म्हणतो, पण दंडाची पावती दुकानदाराच्या नावानं फाटत नाही.

इन्व्हर्टरवर आमचा वाद झाला. हजार वॉटचा इन्व्हर्टर भरून चालवला तर बॅटरीकडून शंभरच्या आसपास अँपियर मागेल, आणि तो ३०च्या स्विचवर. आजवर फ्यूज उडाला नाही, कारण अण्णा त्यावर फक्त इम्पॅक्ट रेंचच्या बॅटरीचा चार्जर लावत होते, ऐंशी-नव्वद वॉटचा. बारा व्होल्टचे दोनशे तीस करायचे आणि चार्जरनं ते परत अठरा करायचे. मी म्हटलं, याच रेंचचा गाडीच्या सॉकेटवर चालणारा चार्जर येतो, तो घ्या आणि हा डबा काढा.

"तीन हजारांचा आहे तो."

"घरी नेऊन लाइट गेल्यावर टीव्ही लावा."

दोन दिवस विचार करून त्यांनी तो काढू दिला. ऑक्स-४ रिकामा झाला. सगळं मिळून बिल साडेसहा हजार.

नंतर मोजलं. बॅटरीवर १३.९ तेव्हा कॉम्प्रेसरवर १३.५. टायर अकराऐवजी साडेआठ मिनिटांत. तार शेवटपर्यंत हाताला कोमट. झोपलेल्या गाडीचा करंट ०.०४. अण्णांनी गणपती स्वतःच्या हातानं काढून उजव्या कोपऱ्यात नेला.

माझी चूक

पाचव्या दिवशी अण्णा परत आले. गाडी सुरू होत होती, कुठं बंद पडली नव्हती, पण सिग्नलला आपोआप बंद-चालू होणारं इंजिन कधी होई, कधी नाही, आणि हेडलाइट मधूनच मंद वाटत होते. मी मीटर लावून कात्रजपर्यंत चक्कर मारली. धावत्या गाडीत बॅटरीवर १२.६. इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर जणू सुट्टीवर.

कारण मीच होतो. रंगावर बांधलेली ती अर्थिंग पाहून डोकं फिरलं होतं, म्हणून कॉम्प्रेसरची मायनस हौद्यात न बांधता तीसुद्धा १० स्क्वेअरनं पुढे आणून सरळ बॅटरीच्या मायनस पोलला लावली. जुन्या गाडीला हे उत्तम चाललं असतं. या गाडीच्या मायनस पोलवर नखाएवढा सेन्सर बसवलेला आहे. बॅटरीतून किती करंट गेला आणि किती आला हे तो मोजत असतो आणि त्या हिशोबानं गाडी अल्टरनेटरला किती चार्ज द्यायचा ते सांगते. माझी केबल सेन्सरच्या बॅटरीकडच्या अंगाला बांधलेली. कॉम्प्रेसरचे अठ्ठावीस अँपियर सेन्सरला वळसा घालून जात होते. गाडीच्या वहीत ते लिहिलेच जात नव्हते. बॅटरी भरलेली आहे असं समजून गाडी चार्ज कमी करत होती.

केबल तिथून काढली. हौद्याशेजारी चासीच्या जाड रेलवरच्या एका बोल्टखालचा रंग पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घातला, लग आवळला, वरून पुन्हा रंग मारला. आता चासीवरून परत येणारा करंट सेन्सरमधूनच जातो. अर्थिंगमधला ड्रॉप मोजला तर ०.०८ व्होल्ट. बॅटरी रात्रभर चार्जरवर भरून दिली, दोन दिवसांत गाडीचा हिशोब जुळला. या खेपेचे पैसे घेतले नाहीत, घ्यायचे नव्हतेच.

आधीच्या कारागिराला मी मनातल्या मनात बरंच बोललो होतो. त्यानं स्विचवर विश्वास ठेवला, मी माझ्या सवयीवर.

काल अण्णांचा फोन. ऑक्स-४ रिकामा पडलाय, त्यावर विंच लावू का, ओढायला बरी पडेल, एक स्वस्तात मिळतेय. विंच भारानं ओढायला लागली की कित्येक शे अँपियर मागते, हे त्यांना सांगितलं. मग म्हटलं, मोटरवर जी पत्र्याची पट्टी असते तिचा फोटो काढून पाठवा, त्यावर लिहिलेलं वाचल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

दहा मिनिटांत फोटो आला. स्विचचा.